बेचिराख गावाचा माग: कागदापासून पांढरीपर्यंत

‘बेचिराख’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जळून राख झालेलं गाव येतं. मूळ शब्द आहे बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात सांजेला दिवा लागत नाही, ते बेचिराग. पुढे तो शब्द बोलण्यात राखेकडे सरकला आणि त्याबरोबर आपली कल्पनाही सरकली. जुन्या कागदात ‘मौजे अमुक, बेचिराग’ अशी नोंद दिसली की गावावर धाड पडली, गाव जाळलं, असं लगेच मानू नका. कागद फक्त एवढंच सांगतो की त्या वर्षी तिथे कोणी राहत नव्हतं. का, ते वेगळं शोधावं लागतं.

अशी गावं शोधायला निघालेले बहुतेक जण सुरुवातीलाच एक चूक करतात. ते घरं शोधतात. पडक्या भिंती, वेस, बुरूज असं काही. पण माणसं उठून जातात तेव्हा तुळया, खांब, दारं बरोबर नेतात. पांढऱ्या मातीच्या भिंती काही पावसाळ्यांत विरघळतात आणि घडीव दगड शेजारच्या गावाच्या विहिरीला लागतो. घरांचं काहीच उरत नाही. उरतं ते शिवार. महसुलाच्या हिशेबात गाव म्हणजे शीव ठरलेला जमिनीचा तुकडा. वस्ती मोडली तरी तो तुकडा, त्याचं नाव आणि त्याचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, वहीत चालू राहतो. म्हणून वस्तीऐवजी शिवाराचा माग काढा. आणि सुरुवात अलीकडच्या कागदापासून करून मागे मागे जा. थेट मोडी कागदापासून सुरुवात केली तर नाव सापडतं, जागा सापडत नाही.

पहिला कागद अगदी साधा आणि फुकट मिळणारा आहे: जिल्हा जनगणना पुस्तिका. २०११ च्या पुस्तिकेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक आहे, क्षेत्रफळ आहे आणि लोकसंख्या आहे. ज्या गावापुढे लोकसंख्या शून्य आहे किंवा निर्जन असा शेरा आहे, त्यांची तालुकावार यादी करा. मग त्याच गावांची लोकसंख्या १९५१ पर्यंत मागे तपासत जा. काही गावं धरणात गेलेली दिसतील, काही १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास रोडावलेली, आणि काही १९५१ मध्येही शून्यच असलेली. हा शेवटचा गट आपल्या कामाचा.

मात्र शून्य लोकसंख्येचं प्रत्येक गाव पूर्वी नांदतं होतं असं समजू नका. कुरण, रान, वतनाचा वेगळा तोडलेला तुकडा, यांनाही महसुली गावाचा दर्जा मिळालेला असतो. विदर्भात हा फरक नावातूनच कळतो. तिथे उठून गेलेल्या गावाला ‘रिठी’ म्हणतात आणि जनगणनेच्या यादीतही गावाच्या नावापुढे रिठी असं छापलेलं असतं. ‘चक’ मात्र वेगळा. तो बहुधा तोडून दिलेला जमिनीचा तुकडा असतो, तिथे पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, शोधत बसण्यात अर्थ नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात नावाला अशी शेपूट नसते. तिथे खुर्द, बुद्रुक आणि तर्फ, परगणा हे जुने महसुली विभाग सांभाळावे लागतात. एकाच तालुक्यात तीन वडगावं असतात. कारकून खु. आणि बु. लिहायला विसरतो, आणि पुढचं सगळं काम भलत्याच वडगावावर उभं राहतं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंदीत गाव, तर्फ, परगणा आणि शेजारची किमान तीन गावं लिहून ठेवा. नाव चुकू शकतं, लागून असलेली गावं सहसा चुकत नाहीत.

यादी झाली की गाव नकाशा मिळवा. मला विचाराल तर सगळ्या साधनांत हे सर्वांत बोलकं. मुंबई इलाख्याची मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून बसवली गेली, १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले, आणि मग एकेक तालुका मोजून गावोगावचे नकाशे तयार झाले. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. गाव नकाशाचं प्रमाण साधारण १ इंचाला ६६० फूट, म्हणजे २० साखळ्या. नकाशावर बोटाच्या पेरावर मावेल एवढी मोकळी जागा प्रत्यक्षात एका वस्तीएवढी असते, हे लक्षात ठेवून तो वाचायचा.

नांदत्या गावाच्या नकाशात गावठाण कोरं असतं आणि त्याभोवती सर्व्हे नंबर. उठलेल्या गावाच्या नकाशात कधी कधी ‘जुनी पांढर’ असं लिहिलेलंच असतं. मग प्रश्न मिटला. लिहिलेलं नसेल तर वाटा बघा. तुटक रेघांनी दाखवलेल्या गाडीवाटा चार दिशांनी येऊन एखाद्या रिकाम्या ठिकाणी मिळत असतील तर त्या उगाच मिळत नाहीत. त्या ठिकाणचे नंबर लहान आणि वेडेवाकडे असतात, कारण ते पूर्वीच्या परसांचे आणि खळ्यांचे. मग त्या नंबरांच्या नोंदी काढून पोटखराब, म्हणजे नंबरातली लागवडीखाली न धरलेली जमीन, बघा. पोटखराबाचे दोन वर्ग आहेत: ‘अ’ म्हणजे खडक, नाला वगैरे लागवडीला नालायक जमीन, आणि ‘ब’ म्हणजे सार्वजनिक उपयोगासाठी ठेवलेली: वाट, पाणवठा, मसणवटा. आज ज्या जागेपासून दोन-तीन किलोमीटरवर कोणी राहत नाही, तिथल्या शेतात ‘ब’ वर्गाची पोटखराब सापडली तर तिथे पूर्वी कोणीतरी पाणी भरत होतं, कोणीतरी माणसं पोचवत होतं.

त्याच्या जोडीला इनामं पाहा. दुमाला, म्हणजे इनामी, जमिनींची नोंद गाव नमुना ३ मध्ये असते. देवस्थान इनाम वर्ग ३ चं. वस्ती गेली तरी मारुतीचं किंवा भैरोबाचं इनाम कागदावर राहतं आणि तो नंबर बहुधा देवळाजवळचा असतो. शेताच्या नावांकडेही दुर्लक्ष नको. पासोडी म्हणजे पाटलाचं इनाम, हाडकी-हाडवळा म्हणजे महार वतनाची जमीन. ही नावं गाव चालल्याशिवाय पडत नाहीत. आज ज्याच्या ताब्यात शेत आहे त्याला अर्थ माहीत नसतो, पण ‘पासोडीत कांदा लावलाय’ असं तो सहज म्हणून जातो.

इथे एक अडचण हमखास येते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर मोडून गट नंबर आले. आजच्या सातबाऱ्यावरचा गट १२० आणि जुन्या नकाशातला सर्व्हे १२० यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. एकत्रीकरणाच्या वेळचं जुन्या-नव्या नंबरांचं जुळवणीपत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मागा. ते हाती आल्याशिवाय शेतात पाऊल टाकू नका. चुकीच्या शेतात खापरं शोधत फिरण्यात दिवस जातात. जुने सातबारे, फेरफार, शेतवार पत्रकं यांतलं बरंच काही ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलं आहे, पण सगळे जिल्हे नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाल्यावर अनेक जिल्ह्यांनी गाव नमुना १४, खासरा पत्रकं, मोडीतले जन्म-मृत्यूचे कागद गाववार चढवले. हेतू वेगळा होता, तरी गावांचा इतिहास शोधणाऱ्याला हा मोठाच ठेवा मिळाला आहे.

गाव नमुना १४ म्हणजे लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’. जन्म, मृत्यू, जात, राहणार कुठले, मृत्यूचं कारण. पटकी आणि प्लेगची वर्षं त्यात सरळ दिसतात, आणि १९१८ च्या तापाच्या साथीची पानंही. एखाद्या गावाच्या नोंदी एका वर्षानंतर थांबल्या तर शेजारच्या गावाची वही लगेच उघडा आणि ‘राहणार’चा रकाना वाचा. माणसं मेली नसतील, पलीकडे राहायला गेली असतील. वही तिथली, पण राहणार म्हणून जुन्या गावाचं नाव काही वर्षं टिकतं.

मराठवाड्यात ही साखळी वेगळी. निजामी अमलातले कागद उर्दूत, काही मोडीत. तिथे १९५४-५५ चं खासरा पत्रक हा भक्कम टप्पा, इनामांसाठी मुंतखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचा दाखला. विदर्भात मालगुजारीचे बंदोबस्त, गावकऱ्यांचे चराई-सरपणाचे हक्क सांगणारं निस्तार पत्रक आणि गावचे रिवाज सांगणारा वाजिब-उल-अर्ज. यातला प्रत्येक कागद स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे एवढंच.

आता मोडी. १८१८ च्या मागे जायचं तर पुण्याचं पेशवे दफ्तर हाच मुख्य आधार. कोल्हापूरच्या मुलखासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार. पेशवे दफ्तरात गावाच्या नावाने कपाट नसतं. कागद रुमालात बांधलेले आणि दफ्तरांची विभागणी कारभाराची: रोजकीर्द (रोजच्या नोंदी), घडणी, प्रांत अजमास, जमाव, चिटणिशी वगैरे. गावाच्या शोधासाठी प्रांत अजमास आणि जमाव यांतले परगणावार कागद आधी पाहावेत. रोजकीर्दीत सुटे हुकूम सापडतात, पण वर्ष माहीत असल्याशिवाय तिथे शिरलात तर हाती काही लागत नाही. १८५२ च्या कायद्याने बसलेल्या इनाम कमिशनसमोर वतनदारांनी जी कागदपत्रं मांडली, त्यांत उठलेल्या गावांच्या हक्कांचेही वाद आहेत, कारण गाव ओस पडलं तरी वतनावरचा दावा कोणी सोडत नाही.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्द तोडलेले नसतात, म्हणून गावाचं नाव चार तऱ्हांनी वाचून पाहा. आकड्यांत नवशिक्या हमखास फसतो तो दंडांना. ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१।।’ म्हणजे दीड, ‘१।।।’ म्हणजे पावणेदोन. दंडाला एक समजलात तर दीड बिघ्याची जमीन एकशे अकरा बिघे होते. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर, हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

तारीख हे त्याहून मोठं दुखणं. पेशवाईतल्या कागदावर वर्ष अरबी शब्दांत असतं. उदाहरणार्थ ‘सबा खमसैन मया व अलफ’. सबा सात, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, झालं ११५७. हे सुहूर सन. त्यात ५९९ मिळवा: १७५६. पण हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून चालतं, म्हणून जानेवारी ते मे महिन्यांतल्या कागदाला ६०० मिळवायचे. पडताळा घ्यायचा असेल तर पानिपत आठवा: १४ जानेवारी १७६१ ला ११६१ चं वर्ष, ‘इहिदे सितैन मया व अलफ’, चालू होतं. महसुली कामातला फसली सनही मृगापासूनच, पण त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. दोन सनांत नऊ वर्षांचं अंतर आहे. हे न कळल्यामुळे एकच गाव दोनदा ओस पडल्याचं लिहिलं जातं. तारखेआधी येणारा ‘छ’ म्हणजे चंद्र. पुढचा महिना मुसलमानी. तो जंत्रीतूनच काढा, अंदाजाने नको.

एका कागदावर निकाल देऊ नका. एकाच गावाचे लागोपाठचे ताळेबंद मिळाले तर आकार, वसूल आणि पडीत हे तीन आकडे वर्षवार एकाखाली एक मांडा. गाव खरोखर एका रात्रीत उठलं असेल तर पडीत जमीन एकदम वाढते. बहुतेक गावांत ती दहावीस वर्षं हळूहळू वाढत जाते. आधी उपरी कुळं निघून जातात, कारण त्यांचा जमिनीत हक्क नसतो. मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेले, शेवटपर्यंत धरून राहतात. मग ‘गतकुळ’ हा शब्द दिसू लागतो. ज्या जमिनीचं कूळ नाहीसं झालं ती गतकुळी. थळझाडा, म्हणजे गावातल्या जमिनींची थळवार यादी, मिळाला तर तो नीट वाचा. जमिनीच्या थळांना मूळ घराण्यांची नावं असत आणि घराणं संपलं तरी थळाचं नाव बदलत नसे. गावात जाधवाचं एकही घर नसताना ‘थळ जाधव’ लिहिलेलं सापडतं. गाव मोडण्याच्याही आधी मोडलेल्या घरांची ही यादी आहे. माझ्या मते थळझाड्याइतका हळवा कागद सबंध दफ्तरात दुसरा नाही.

आणि कौल. सरकारला ओस गाव परवडत नसे, म्हणून वसाहतीसाठी इस्ताव्याचा कौल देत: पहिल्या वर्षी बिघ्याला अगदी थोडा सारा, मग दरसाल चढता, पाचसात वर्षांत पूर्ण दर. कौल सापडला म्हणजे गाव ओस होतं हे पक्कं झालं. ते पुन्हा वसलं हे मात्र पक्कं होत नाही. त्यासाठी कौलानंतरच्या वर्षांचा वसूल बघावा लागतो. एकाच गावाचे थोड्या थोड्या वर्षांनी दोन-तीन कौल दिसले तर वसाहत जमत नव्हती असं समजा. खुद्द पुणंही १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केल्यावर कौल देऊनच पुन्हा उभं राहिलं.

कारणांसाठी काही वर्षं मनाशी धरून ठेवावीत. १६३०-३२ चा दुष्काळ. १८०२ ते १८०४, म्हणजे होळकरी फौजांच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि त्यावर आलेला दुष्काळ, नगर आणि खानदेश भागात गावंच्या गावं ओस. १८७६-७८. १८९६ पासूनचा प्लेग, त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ. कागदातली तारीख यांपैकी कशाच्या जवळ आली की मोह होतो, जोडून टाकावं. जोडू नका. शेजारची गावं त्याच वर्षी टिकली असतील तर हे एकच का गेलं, याचं उत्तर पाण्यात, शिवेच्या तंट्यात किंवा बदललेल्या वाटेत असू शकतं. शिवेच्या तंट्यांचे महजर, म्हणजे पंचांसमोर झालेले निवाडे, यासाठी फार उपयोगी. त्यांत ओढा, चिंच, धोंडा, जुनी वाट असं करत शीव पावलापावलाने सांगितलेली असते.

हे सगळे कागद महसुलाचे आहेत. ज्यांच्याकडून सारा यायचा त्यांची नावं त्यांत आहेत. शेतमजूर, भटके, बायका जवळजवळ नाहीत. ही उणीव भरायला दुसऱ्या वह्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. गाव आज नकाशावर नसलं तरी उपाध्यांच्या वहीत त्याचं पान असतं, आणि तिथे नावं वडील, मुलगा, सून, नातू अशी असतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी नावाचे भटके लोक घराण्यांच्या वंशावळी सांगतात. कुळी कुठून उठून कुठे आली हा त्यांच्या सांगण्याचा गाभाच असतो. ज्या ‘-कर’ आडनावाचं गाव सापडत नाही, ते आडनाव हाही एक पुरावाच.

धरणाखालच्या गावांचं काम त्या मानाने सोपं. कोयना, उजनी, जायकवाडी यांच्या भूसंपादनाच्या अधिसूचना राजपत्रात गाव आणि सर्व्हे नंबरसह छापल्या आहेत, निवाड्यांत घर आणि झाडंसुद्धा मोजलेली आहेत. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. गोव्यात साळावलीच्या पाण्याखालचं कुर्डी मे महिन्यात वर येतं आणि तिथले लोक त्या दिवसांत आपल्या देवाकडे जमतात. अशा ठिकाणी मोजमाप करायचं तर पाणी सर्वांत खाली असतानाचे, मेअखेरचे मोजके दिवसच हाताशी असतात.

शेवटी शिवारात जायचं. फाल्गुन-चैत्रात रब्बी निघाल्यावर रान मोकळं असतं. किंवा पहिल्या एकदोन पावसांनंतर, माती धुऊन खापरं वर आलेली असताना. त्याआधी उपग्रहचित्रांत काळ्या रानातला फिकट डाग शोधून ठेवा. पांढर पांढरी दिसते ती पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती मुरून. जुन्या स्थलदर्शक नकाशावरचे अक्षांश-रेखांश थेट मोबाईलमध्ये टाकू नका, त्यांचा पाया वेगळा आहे, जागा सरकते. ओढ्यांचा संगम, देऊळ, विहीर अशा दोन्हीकडे असलेल्या तीन खुणा जुळवून जागा ठरवा. पांढर हाताला राखेसारखी भुसभुशीत लागते, तिच्यात खापर, जात्याच्या तळीचा तुकडा, बांगडीची काच, लोखंडाचं कीट सापडतं. उखळाचा मोठा धोंडा जड म्हणून मागे राहतो. जवळपास वीरगळ, सतीशिळा, चिंचेचं किंवा वडाचं जुनं झाड, बुजलेली बारव. राखेचा थर दिसला म्हणून गाव जळलं असं ठरवू नका. ती चुलींचीही असते.

गावकऱ्यांना ‘इथे जुनं गाव होतं का’ असं विचारलं की गुप्तधनाच्या गोष्टी सुरू होतात. पांढरी खणून नासवल्या गेल्यात त्या याच गोष्टींपायी. त्यापेक्षा विचारावं: पेरणीचा नारळ कुठे फोडता? शिवारातल्या त्या मारुतीला तेल कोण घालतं? पालखी वर्षातून एकदा कुठल्या रानात जाऊन येते? गुरवाला, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला, जुन्या कोतवालाला विचारा. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय बांध ओलांडू नका, आणि काही उचलू नका, उकरू तर नकाच. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. खापराशेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि ते होतं तिथेच ठेवावं.

परत आल्यावर त्याच दिवशी लिहून काढा: नाव कागदात जसं आहे तसं, कागदाचा सन, दफ्तर आणि रुमाल क्रमांक, जुना सर्व्हे, आजचा गट, पांढरीची लांबी-रुंदी पावलांत. याची एक प्रत शेजारच्या ग्रामपंचायतीत द्या आणि एक त्या गुरवाच्या घरी, ज्याच्या घरातून आजही शनिवारी त्या ओसाड रानातल्या मारुतीला तेल जातं.